बर्फाखालचं तेल : प्रकल्प नोंदी, जानेवारी ते जुलै २०२५

६ जानेवारी २०२५

गाईड मॅडमनी आज विषयावर सही केली. बर्फाने झाकलेल्या समुद्रात सांडलेलं तेल शोधायचं कसं, हा आमचा प्रकल्प. विभागात तेलगळतीवर याआधी जे काम झालं ते सगळं उघड्या समुद्रावरचं, आणि ती वाट चांगली मळलेली आहे. उपग्रहाच्या रडारचं चित्र घ्यायचं, त्यातला काळा डाग वेगळा काढायचा, त्या वेळचा वारा तपासायचा. वाऱ्याने पाण्यावर काही सेंटिमीटरच्या बारीक लाटा उठतात आणि त्यांच्यावरून रडारची लहर परत येते. तेलाचा तवंग या लाटा दाबून टाकतो, म्हणून तेवढा भाग काळा दिसतो. सगळी मदार लाटांवर. पाण्यावर बर्फाचं झाकण बसलं की लाटाच उरत नाहीत, मग डाग कुठून दिसणार?

क्षेत्र म्हणून पेचोरा समुद्र घेतला आहे. बॅरेंट्स समुद्राचा हा आग्नेय कोपरा. पाणी उथळ, साधारण नोव्हेंबरपासून कित्येक महिने गोठलेलं, आणि प्रिराझलोम्नाया या स्थिर प्लॅटफॉर्मवरून तिथे डिसेंबर २०१३ पासून तेल काढलं जातं. तेल, बर्फ आणि टँकर हे तिन्ही एका जागी असलेली ठिकाणं जगात मोजकीच आहेत.

विभागातल्या एका सरांनी विचारलं, पुण्यात बसून उत्तर ध्रुवाकडचा समुद्र कशाला? भारत २०१३ पासून आर्क्टिक परिषदेत निरीक्षक आहे, नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर आपलं हिमाद्री संशोधन केंद्र २००८ पासून चालू आहे, आणि सेंटिनल या युरोपीय रडार उपग्रहाचा डेटा इथे बसून जसा मिळतो तसाच ऑस्लोत मिळतो. हे झालं सरांना दिलेलं उत्तर. माझं स्वतःचं कारण पोलर कॉड. हा लहानसा मासा हिवाळ्यात अंडी घालतो, ती तरंगत वर येतात आणि बर्फाच्या तळाशी थांबतात. त्याच तळाला शैवाल धरतं आणि त्यावर तिथलं बरंचसं जीवन पोसलं जातं. बर्फाखाली सांडलेलं तेल नेमकं त्याच जागी जाऊन साचतं. ती जागा कुणाला दिसत नाही, म्हणून तिथे काही झालंच नाही असं धरलं जाऊ नये.

९ जानेवारी

कागदावर हिशेब केला. समजा एक कोटी लिटर, म्हणजे १०,००० घनमीटर तेल सांडलं. उघड्या पाण्यावर ते पसरत पसरत एक मायक्रॉन जाडीचं झालं, तर १०,००० चौरस किलोमीटर व्यापेल. पुणे जिल्ह्याचं क्षेत्रफळ १५,६४३ चौरस किलोमीटर आहे, त्याचा दोनतृतीयांश भाग. बर्फाखाली मात्र तेल इतकं पातळ पसरूच शकत नाही. पृष्ठताण त्याला धरून ठेवतो, थर साधारण एक सेंटिमीटरचा राहतो, आणि बर्फाचा तळ खडबडीत असल्यामुळे खळग्यांत त्याहून जाड साचतं. एक सेंटिमीटर धरला तर तेवढंच तेल एका चौरस किलोमीटरमध्ये बसतं. पुणे विद्यापीठाचा परिसर ४११ एकरांचा, म्हणजे सुमारे १.६६ चौरस किलोमीटर. एक कोटी लिटर तेल त्याच्या आत मावेल आणि वर जागा शिल्लक राहील.

ज्याला तेल उपसायचं आहे त्याच्या दृष्टीने ही चांगली बातमी. तेल एका जागी, जाड थरात, किनाऱ्यापासून लांब. ज्याला ते शोधायचं आहे त्याच्यासाठी तितकीच वाईट. विस्तीर्ण गोठलेल्या समुद्रात एक चौरस किलोमीटर, तेही झाकणाखाली.

२० जानेवारी

कँपातल्या एका आइस्क्रीमवाल्याकडून जुना आडवा डीप फ्रीझर मिळाला. कॉम्प्रेसर ठीक आहे, उणे २० पर्यंत जातो. आत निळ्या प्लास्टिकच्या ड्रमचा खालचा अर्धा भाग कापून ठेवला. समुद्र वरून गोठतो, फ्रीझर चहूबाजूंनी गोठवतो. म्हणून ड्रमच्या बाजूंना आणि बुडाला थर्मोकोलचे जाड पत्रे लावले आणि बुडाशी गरम होणारी वायर सोडली. थंडी फक्त वरून आत गेली पाहिजे.

आणखी एक गोष्ट आधीच करून ठेवली. पाणी गोठताना फुगतं, वर बर्फाचं झाकण बसलं की खालच्या पाण्याला जायला वाट नसते आणि ड्रम तडकतो. ड्रमच्या कडेने एक रबरी नळी खालपर्यंत सोडली, तिच्यातही गरम वायर. वाढलेलं पाणी त्यातून वर येऊन बाटलीत पडतं. हडपसरकडच्या एका बर्फ कारखान्यातल्या काकांशी बोलले होते. त्यांच्याकडे बर्फाचे डबे थंड मिठवणीच्या टाकीत बुडवून ठेवतात, तिथे थंडी बाजूंनी लागते आणि लादीच्या मधोमध पांढरा गाभा राहतो. आम्हाला त्याच्या नेमकं उलटं हवं, हे त्यांना लगेच समजलं. "झाकण उघडं ठेवा, पंखा लावा," म्हणाले. फ्रीझरच्या आत संगणकातला छोटा पंखा लावला आहे.

पाण्यात दर किलोला ३५ ग्रॅम मीठ. मत्स्यालयासाठी मिळतं ते समुद्री मीठ वापरलं, स्वयंपाकाचं नाही.

२८ जानेवारी

बर्फ वाढतोय. खालच्या पाण्याची क्षारता रोज नोंदतोय. बर्फ मीठ बाहेर टाकतो, ड्रम लहान, त्यामुळे उरलेलं पाणी अधिकाधिक खारट होतं आणि त्याचा गोठणबिंदू आणखी खाली जातो. खऱ्या समुद्रात असं होत नाही. नळीतून थोडं पाणी काढून गोडं पाणी भरायला सुरुवात केली.

४ फेब्रुवारी

आज पहिला तुकडा कापून काढला, होल-सॉने (गोल भोक पाडणाऱ्या करवतीने). वीतभर जाडीचा. हा दिवस मी विसरणार नाही.

वरचे दोनेक सेंटिमीटर बारीक दाणेदार, दुधी. त्याखाली उभे स्फटिक, एकाला एक चिकटून, लांबट. अगदी तळाशी बोटाच्या पेराएवढा थर मऊ लागतो, नखाने खरवडला तरी निघतो. हे स्फटिकांचे सुटे पापुद्रे, त्यांच्या फटींतून अजून पाणी फिरतंय. तुकडा आडवा धरून खालच्या टोकाला खाद्यरंगाचा थेंब टाकला तर रंग उभ्या रेघांनी आत सरकला. या मिठवणीच्या वाहिन्या. बर्फ गोठताना जे मीठ पूर्ण बाहेर पडत नाही ते या बारीक नळ्यांमध्ये खाऱ्या पाण्याच्या रूपात अडकून राहतं. समुद्राचा बर्फ हा घट्ट दगड नाही. त्यात वरपासून खालपर्यंत जाणाऱ्या वाटा आहेत, थंडीत आक्रसतात आणि उबेला रुंदावतात. पुढचं सगळं काम या वाटांवर अवलंबून आहे.

तुकडा टेबलावर ठेवला तर पाच मिनिटांत तळाशी मिठवणीचं थारोळं झालं. क्षारता मोजायची तर आधी पिशवीत बांधून मग वितळवायचा, हे वहीत लाल शाईने लिहून ठेवलं.

११ फेब्रुवारी

तेल सोडलं. कच्चं तेल लॅबमध्ये आणायला परवानगी नाही आणि मला ते नकोही होतं. लिक्विड पॅराफिन घेतलं, त्यात बोहरी आळीतून आणलेला, मेणबत्त्यांत घालतात तो तेलात विरघळणारा लाल रंग. इंजिक्शनच्या मोठ्या सिरिंजने, नळीवाटे बर्फाखाली सोडलं. ड्रमच्या बाजूला पारदर्शक खिडकी बसवली आहे, तिथून पाहिलं. थेंब हळूहळू वर चढले, तळाला टेकले, एकमेकांत मिसळले आणि सगळ्यात खोल खळग्याकडे सरकून थांबले. कडा गोल, फुगीर. पसरायला पुष्कळ जागा होती तरी पसरलं नाही. ९ जानेवारीच्या हिशेबातला एक सेंटिमीटर डोळ्यांसमोर होता.

१७ फेब्रुवारी

तेलाच्या कडेने बर्फाची ओठासारखी कड आली आहे. तेल उष्णता कमी वाहून नेतं, त्यामुळे तेलाखाली बर्फ जरा उशिरा वाढतो आणि आजूबाजूचा पुढे जातो. मग तो बाजूने आत सरकतो आणि तेलाखालून मिटतो. आज खिडकीतून लाल रंग धूसर दिसतोय, त्याच्या खाली नवा बर्फ आहे. तेल आता बर्फाखाली नाही, बर्फाच्या पोटात आहे.

कॅनडाच्या ब्यूफोर्ट समुद्राच्या किनाऱ्यावर, बलीना उपसागरात, १९७४-७५ च्या हिवाळ्यात हा प्रयोग खऱ्या कच्च्या तेलाने आणि खऱ्या समुद्रात झाला होता. तिथेही हेच दिसलं: हिवाळ्यात सोडलेलं तेल बर्फात बंद होतं आणि वसंतात वाहिन्यांमधून वर येतं. पन्नास वर्षांपूर्वीची ही माहिती आजही प्रत्येक कामाच्या पायाशी आहे, कारण असं प्रत्यक्ष तेल सोडून पाहण्याची परवानगी त्यानंतर फार कमी वेळा मिळाली.

तळातून बघणाऱ्या उपकरणांसाठी याचा अर्थ सरळ आहे. ३६५ नॅनोमीटरची अतिनील टॉर्च खिडकीतून मारली (या ड्रममध्ये शेजारी इंजिन ऑइलही सोडलं होतं, ते निळसर चमकतं). तेल उघडं होतं तेव्हा लख्ख चमकलं. नवा बर्फ खाली धरल्यावर चमक दुधी झाली, मग अंधूक. पाणबुडी रोबोवर कॅमेरा आणि असा दिवा लावून बर्फाखालून वर पाहणं हा उत्तम उपाय आहे, पण तो गळतीनंतर लवकर तिथे पोचला तर.

२४ फेब्रुवारी

वरून बघायचं असेल तर जमिनीत खोलवर पाहणारं रडार, बांधकामवाले गाडलेल्या पाइप शोधायला वापरतात ते. स्वालबार्डमध्ये स्वेआ इथे मार्च २००६ मध्ये ६५ सेंटिमीटर बर्फाखाली ३,४०० लिटर कच्चं तेल सोडून याची चाचणी झाली होती आणि तेल ओळखता आलं. ते कसं ओळखता येतं हे स्वतः आकडे मांडल्याशिवाय माझं समाधान होईना.

बर्फाचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक (पदार्थ रडारच्या लहरीला किती मंदावतो, त्याचं माप) ४ धरला, तेलाचा २.२, पाण्याचा ८० (पाण्याची आणि बर्फाची वाहकता सध्या बाजूला). रडारची लहर बर्फातून पाण्यावर आदळली तर परावर्तन गुणांक, म्हणजे किती लहर परत येते त्याचं माप, सुमारे उणे ०.६३. मध्ये एक सेंटिमीटर तेल असलं तर लहर दोनदा परत येते: बर्फ-तेल सीमेवरून थोडीशी, तेल-पाणी सीमेवरून बरीच. दोन्हींत अंतर फक्त ०.१ नॅनोसेकंदाचं. एक गिगाहर्ट्झच्या रडारचा पल्स साधारण एक नॅनोसेकंद लांब, म्हणजे दोन प्रतिध्वनी वेगळे दिसणारच नाहीत, एकमेकांत मिसळून जातील. मिसळून काय उरतं? गणित केलं तर आकार ०.६६, म्हणजे जवळजवळ तोच. फेज, म्हणजे लहरीच्या चढउताराची वेळ, मात्र पन्नासेक अंशांनी सरकलेली.

मॅडमनी पुढचा प्रश्न विचारला आणि मी पुन्हा वही उघडली. बर्फ एक सेंटिमीटरने जाड किंवा पातळ झाला तर फेज किती सरकते? बर्फात एक गिगाहर्ट्झची तरंगलांबी १५ सेंटिमीटर, जाऊन-येऊन दोन सेंटिमीटर, म्हणजे ४८ अंश. तेवढीच! एकाच फ्रिक्वेन्सीवरची फेज बघून तेल आहे असं म्हणणारा माणूस बर्फाच्या तळावरचा एखादा उंचवटाही तेल म्हणून मोजेल. पल्सचा पूर्ण आकार, वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सी, शिवाय बर्फाच्या जाडीचं आसपासचं मोजमाप, हे सगळं एकत्र लागतं. आणि बर्फ थंड हवा. उन्हाळ्याकडे झुकलेला, मिठवणीने भरलेला बर्फ रडारची लहर वाटेतच गिळतो.

१० मार्च

उपग्रहाच्या बाजूला ज्युनियरने महिनाभर बसून चित्रं उतरवली आहेत. सेंटिनल-१, विस्तृत पट्ट्याचा मोड, एका चित्राची रुंदी ४०० किलोमीटर, पिक्सेल ४० मीटरचा. रडारची फ्रिक्वेन्सी ५.४ गिगाहर्ट्झ, तरंगलांबी साडेपाच सेंटिमीटरच्या आसपास. इतक्या आखूड लहरी एका वर्षाच्या खाऱ्या बर्फात काही सेंटिमीटरच शिरतात. जानेवारी-फेब्रुवारीच्या चित्रांत बर्फाखालचं तेल शोधण्याचा प्रश्नच नाही. तिथे रडार बर्फाचा पृष्ठभाग बघतं, बस.

राहिले दोन काळ: ऑक्टोबर-नोव्हेंबरचा गोठण्याचा आणि मे-जूनचा फुटण्याचा. तेव्हा बर्फाच्या लाद्यांमध्ये उघडं पाणी असतं, तिथे तेल असेल तर काळं दिसायला हवं. आणि इथेच सगळ्यात अवघड फसगत आहे. थंड रात्री वाऱ्याने ढवळलेल्या पाण्यावर आधी बर्फाच्या सुयांचं दाट मिश्रण तयार होतं, खलाशी त्याला ग्रीस आइस म्हणतात. तेही बारीक लाटा दाबतं आणि रडारच्या चित्रात काळं दिसतं. वाऱ्याने त्याचेही पट्टे होतात, तेलाचेही होतात. दोन्ही पट्टे लाद्यांच्या कडेला गोळा होतात.

ज्युनियरने आज एक चित्र दाखवलं, पेचोरा समुद्रातलं, ऑक्टोबरअखेरचं. लांबट काळी जीभ, एक टोक निमुळतं, कडा स्वच्छ. उघड्या समुद्रावरचं आमच्या विभागाचं सॉफ्टवेअर त्याला बेधडक तेल म्हणेल. तापमानाचा डेटा लावला, हवा शून्याखाली बरीच, वारा उतरलेला. पुढच्या फेरीच्या चित्रात तीच जीभ उजळ झालेली, कडा तुटक: बर्फ जाड होऊन एकमेकांवर घासला होता. म्हणजे नवा बर्फच. एका चित्रावर निर्णय द्यायचा नाही, पुढचं चित्र येईपर्यंत थांबायचं, हा नियम आजपासून.

दोन ध्रुवणांचं (रडारची लहर उभी कंप पावते की आडवी, त्या दिशांचं) गुणोत्तर वापरून तेल आणि नवा बर्फ वेगळा करता येईल का, हेही बघितलं. अडचण अशी की दोन्ही इतके काळे असतात की परत येणारा सिग्नल उपकरणाच्या स्वतःच्या गोंगाटाच्या पातळीला टेकतो, उणे २२ डेसिबलच्या आसपास. आडव्या-उभ्या ध्रुवणाच्या चित्रात तर पट्ट्यांच्या सांध्यावर गोंगाटाच्या रेघाच दिसतात. त्या पातळीवर काढलेलं गुणोत्तर तेलाबद्दल काही सांगत नाही, ते उपकरणाबद्दल सांगतं.

२४ मार्च

१९८९ मध्ये याच तारखेला एक्सॉन व्हाल्डेझ हे तेलवाहू जहाज अलास्कातल्या ब्लाय रीफवर चढलं. कोलंबिया हिमनदीतून सुटलेले हिमखंड टाळायला ते नेहमीची वाट सोडून गेलं होतं. चारेक कोटी लिटर तेल सांडलं. पाणी मोकळं होतं म्हणून ते सगळ्या जगाने पाहिलं.

मार्च २००६ मध्ये फिनलंडच्या आखातात बर्फफोड्या जहाजामागून जाणाऱ्या ताफ्यात टक्कर होऊन रनर-४ हे मालवाहू जहाज बुडालं. त्याचं तेल बर्फात गेलं. ही घटना विभागात मी सोडून कुणी ऐकलेली नव्हती.

३ एप्रिल

मध्यावधी आढावा झाला. बाहेरून आलेल्या परीक्षकांचा पहिला प्रश्न: अचूकता किती टक्के?

मी सांगितलं की टक्केवारी देणार नाही. बर्फातल्या तेलाची खात्रीशीर, जागेवर जाऊन पडताळलेली रडार चित्रं जगात अगदी मोजकी आहेत. आम्ही कृत्रिम डाग टाकून मॉडेल शिकवलं आणि त्याच कृत्रिम डागांवर तपासलं तर ९५ काय, ९८ टक्केही येतील. तो आकडा पाहून पेचोरा समुद्रातलं तटरक्षक विमान एखाद्या रात्री उडालं नाही तर? त्या आकड्याची जबाबदारी माझ्यावर.

त्याऐवजी आम्ही नकाशाला तीन रंग दिले आहेत. लाल: संशयित. निळा: नीट पाहिलं, काही नाही. करडा: या दिवशी, या उपकरणाने सांगता येत नाही. प्रत्येक पिक्सेलला करडा रंग का मिळाला याचं कारणही सोबत साठवतो. बर्फाची जाडी, वारा मंद किंवा फार जोराचा, सिग्नल गोंगाटाच्या पातळीला, किंवा शून्याखालचं तापमान आणि नव्या बर्फाची शक्यता. जानेवारीचा नकाशा लावला तेव्हा पडदा जवळजवळ पूर्ण करडा झाला. ज्युनियर हळूच म्हणाला, "ताई, रिकामा वाटतो हो." परीक्षकही तेच म्हणाले, शब्द वेगळे.

मला तो नकाशा या प्रकल्पातलं सगळ्यात मोलाचं काम वाटतं. दोनच रंगांचा नकाशा न दिसलेल्या जागेला निळं रंगवतो. मग तो नकाशा टेबलावर ठेवून कुणीही म्हणू शकतं की उपग्रहाने पाहिलं, तेल नव्हतं. करडा रंग म्हणतो, इथे उपग्रहाच्या भरवशावर राहू नका, माणूस पाठवा, रडार घेऊन पाठवा, रोबो सोडा. मॅडम माझ्या बाजूने बोलल्या आणि रंग तसाच राहिला.

२१ एप्रिल

पुण्यात चाळिशीचा पारा आणि फ्रीझरमध्ये आम्ही बर्फाला वसंत दाखवतोय. बाहेरून तापमान नियंत्रक जोडून उणे १८ वरून हळूहळू वर आणलं.

याचं गणित फार सुंदर आहे. बर्फातल्या मिठवणीचं प्रमाण तापमान आणि क्षारता यांवरून काढता येतं. क्षारता ५ (दर किलोला ५ ग्रॅम मीठ) धरली तर उणे १५ अंशाला मिठवणी सुमारे १.९ टक्के, उणे ५ ला ५.२ टक्के, उणे २ ला साडेबारा टक्के. पाच टक्क्यांच्या आसपास वाहिन्या एकमेकींना जोडल्या जातात आणि बर्फ पाझरू लागतो. उणे पाच अंश, क्षारता पाच, मिठवणी पाच टक्के: अभ्यासक हा नियम असाच लक्षात ठेवतात. आमचा बर्फ झटपट गोठलेला, त्यामुळे जास्त खारट, म्हणून तो आधीच मोकळा व्हायला हवा. तसंच झालं. उणे आठच्या पुढे खिडकीतून तेलाच्या वरच्या कडेला केसाएवढे लाल धागे दिसू लागले. दुपारपर्यंत ते वर चढले. संध्याकाळी पृष्ठभागावर टाचणीच्या डोक्याएवढे लाल ठिपके, मग त्यांच्याभोवती खळगे. काळ्या तेलाने ऊन शोषलं असतं तर ते अजून वेगाने झालं असतं. आमच्याकडे ऊन नाही, फक्त नियंत्रक आहे.

म्हणजे हिवाळाभर झाकलेलं तेल मे-जूनमध्ये आपण होऊन वर येतं, तेही फारसं न बदललेलं. थंडीत हलके घटक उडून गेलेले नसतात, जिवाणूंनी फारसं खाल्लेलं नसतं.

९ मे

वर येतं खरं, पण कुठे? किनाऱ्याला चिकटलेला बर्फ जागेवर असतो, मोकळा बर्फ वाहतो. जीनेट हे जहाज जून १८८१ मध्ये न्यू सायबेरियन बेटांच्या जवळ बर्फात चिरडून बुडालं आणि त्याचं सामान १८८४ मध्ये ग्रीनलंडच्या नैर्ऋत्य किनाऱ्यावर सापडलं. त्यावरून नॉर्वेच्या नान्सेन या संशोधकाला बर्फाच्या प्रवाहाची कल्पना सुचली आणि त्याचं फ्राम जहाज मुद्दाम गोठवून घेऊन १८९३ ते १८९६ वाहत राहिलं. बर्फाच्या पोटातलं तेलही तसंच प्रवासाला निघेल. म्हणून गळती कळली की पहिल्या काही दिवसांत त्याच लादीवर जीपीएसने आपली जागा कळवत राहणारा बीकन ठोकणं, ही हिवाळ्यातली सगळ्यात स्वस्त आणि उपयोगी गोष्ट. तेल शोधण्यापेक्षा हरवू न देणं सोपं. आमच्या अहवालात हा मुद्दा पहिल्या पानावर जाईल.

शोधायचंच असेल तर कुत्रे. नॉर्वेच्या संशोधकांनी २००८ मध्ये स्वालबार्डला प्रशिक्षित कुत्र्यांची चाचणी घेतली, बर्फाखाली दडवलेलं तेल त्यांनी वासावरून शोधलं, वाऱ्याच्या दिशेने दुरूनही. उपग्रहावरच्या प्रबंधात हे कशाला, असं एकाने सुचवलं. ठेवलं आहे. करड्या रंगाच्या जागी कोण जाणार, याचं उत्तर द्यायला नको?

२७ मे

काल पाऊस पुण्यात पोचला, इतक्या लवकर. परवा, २५ तारखेला, एमएससी एल्सा ३ हे कंटेनर जहाज कोचीजवळ बुडालं. ६४० कंटेनर, टाक्यांमध्ये सुमारे ८४ टन डिझेल आणि ३६७ टन फर्नेस ऑइल. तटरक्षक दलाची विमानं तवंगावर नजर ठेवून आहेत.

आम्ही आमचा करड्या रंगाचा कोड अरबी समुद्रावर चालवून पाहिला, बर्फाच्या अटी काढून, फक्त वाऱ्याच्या ठेवून. वारा सेकंदाला १०-१२ मीटरच्या वर गेला की लाटा तेल पाण्यात घुसळून टाकतात आणि काळा डाग पुसट होतो. बराच भाग करडा आला. पावसाळ्यात कोकणच्या किनाऱ्यावर दरवर्षी डांबरगोळे येऊन पडतात, आणि ते कुठून निघाले हे शोधायला हाच काळ सगळ्यात वाईट. हे काम आपल्या किनाऱ्यालाही लागू आहे, हे मला आधी इतकं जाणवलं नव्हतं.

१६ जून

अहवालातला मुख्य तक्ता महिन्यांप्रमाणे लावतोय, उपकरणांप्रमाणे नाही. ऑक्टोबर-नोव्हेंबर: उपग्रहाचं रडार, पण सलग चित्रं आणि तापमान सोबत असेल तरच. डिसेंबर ते मार्च: सुरुवातीला ध्रुवीय रात्र, नंतर उजेड आला तरी तेल बर्फाखाली, कॅमेऱ्याला काही दिसत नाही, उपग्रह आंधळा, बर्फावरून किंवा कमी उंचीच्या हेलिकॉप्टरमधून रडार चालतं, गळती ताजी असेल तर खालून रोबो. एप्रिल: बर्फ ओला होतोय, तेल अजून वर नाही. हा सगळ्यात वाईट महिना, बीकन असेल तरच आशा. मे-जून: तेल वर, सूर्य वर, साधा कॅमेरा आणि उष्णतेचा कॅमेरा दोन्ही चालतात, काळं तेल उन्हात बर्फापेक्षा गरम दिसतं. ढग नसतील तर.

आर्क्टिकमध्ये जड इंधन तेल वापरायला १ जुलै २०२४ पासून बंदी आली आहे, पण सवलती २०२९ पर्यंत चालणार. तोपर्यंत हा तक्ता कुणाच्या तरी हातात असायला हवा.

या आठवड्यात पालख्या पुण्यात येतायत, रस्ते बंद असतील. फ्रीझरचं तापमान घरून दिसेल अशी सोय ज्युनियरने केली आहे.

३१ जुलै

काल संध्याकाळी श्रीहरिकोटाहून निसार हा रडार उपग्रह सुटला आणि कक्षेत पोचला. लॅबमध्ये सगळे उभे राहून पाहत होतो. दोन रडार एकत्र: नासाचं एल-बँड, तरंगलांबी २४ सेंटिमीटर, आणि इस्रोचं एस-बँड, दहाएक सेंटिमीटर. दर १२ दिवसांनी त्याच जागेवर.

आशा नेमकी कशाची, हे आजच लिहून ठेवते. जाड खाऱ्या बर्फाखालचं तेल एल-बँडलाही दिसणार नाही. लहर खोल शिरते, पण इतकी नाही. ७७.५ अंश उत्तरेच्या वरचा भाग त्याच्या पट्ट्यात येत नाही. पेचोरा समुद्र येतो. खरा उपयोग गोठण्याच्या काळात होईल. ग्रीस आइस आणि तेल एका फ्रिक्वेन्सीवर सारखे दिसतात, तीन फ्रिक्वेन्सींवर (सेंटिनलची धरून) सारखेच दिसतील असं नाही. करड्या रंगातली "नवा बर्फ असू शकतो" या कारणाची ऑक्टोबरची पिक्सेलं किती कमी होतात, ते मोजायचं.

डेटा सुरू व्हायला वेळ आहे. तोवर ज्युनियर गेल्या ऑक्टोबरच्या सगळ्या काळ्या जिभांची यादी जागा आणि तारखेसह करणार, मी ड्रममध्ये ग्रीस आइस बनवायला घेणार: पंख्याचा वेग वाढवून, पाणी सतत ढवळत ठेवून. निम्म्या पृष्ठभागावर तेल, निम्म्यावर बर्फाच्या सुया. नेटवर्क ॲनालायझर (रडारसारख्या लहरी सोडून परतलेल्या मोजणारं यंत्र) पुढच्या मंगळवारपासून दोन आठवडे आमच्याकडे आहे.